नातवाला माझा भरवसा वाटतो, मग मला देवाचा का वाटत नाही?

एका आजींचं पत्र आलं आहे. वय साठीच्या पुढचं, जन्म विश्वासी घरात, आणि कित्येक वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना शिकवण्यात गेलेली. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान दीर्घ आजारानं गेले. तेव्हा सगळ्या मंडळीनं उपवास केले, साखळी प्रार्थना केली, तरीही ते गेले. "तेव्हापासून प्रार्थना नुसती ओठांवर असते," असं त्या लिहितात. आता घरात चार महिन्यांचा नातू आहे. तो त्यांच्या खांद्यावर मान टाकून निर्धास्त झोपतो आणि त्यांना भरून येतं, कारण "ह्याला माझा जेवढा भरवसा, तेवढा मला देवाचा उरलेला नाही. बाळकासारखे व्हा हे वचन मीच शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं." पुढच्या महिन्यात नातवाचा बाप्तिस्मा आहे. त्या वेळी आशीर्वादाची प्रार्थना त्यांनीच करावी, असा सुनेचा आग्रह आहे. "आई, तुमच्याइतका विश्वास या घरात दुसऱ्या कुणाचा आहे?" असं ती म्हणाली आणि आजींची झोप उडाली. नकार द्यावा का, सुनेला खरं सांगावं का, आणि बाळकासारखा विश्वास या वयात परत मिळतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

आजी, सप्रेम नमस्कार. तुमचं सगळ्यात नवं नाव हेच, म्हणून त्याच नावानं हाक मारते.

तुमचे प्रश्न तीन असले तरी त्यांच्या मुळाशी एकच वाक्य आहे: नातवाला माझा जेवढा भरवसा, तेवढा मला देवाचा नाही. त्यात तुम्ही दोन गोष्टी धरून चालला आहात. बाळाचा भरवसा म्हणजे त्याची शांत झोप, ही एक. आणि येशूनं आपल्याकडे मागितला तो हाच भरवसा, तो एकदा गेला की आपण बाद, ही दुसरी. या दोन्ही मला पटत नाहीत.

आधी बाळाकडेच बघू या. तुमच्या पत्रात खांद्यावर झोपलेला नातू आहे, पण त्याच्या अर्धा तास आधीचा नातू नाही. भूक लागली की त्याच्या मुठी आवळतात, चेहरा लालबुंद होतो, पाय पोटाशी येतात आणि श्वास संपेपर्यंत तो रडतो. उचलून घेतलं तरी लगेच थांबत नाही. पाठ ताठ करतो, मागे झोकून देतो, तुमच्याच खांद्यावर मुठी आपटतो. हा अविश्वास आहे असं तुम्हाला कधी वाटलं का? "इतक्यांदा धावत आले, तरी याची खात्री पटत नाही" म्हणून तुम्ही कधी त्याला खाली ठेवलंत का? मला खात्री आहे, नाही. कुणीतरी येतं हे अनुभवलेलं बाळच असं हक्कानं रडतं. रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी 1940च्या दशकात आईपासून दुरावलेल्या बाळांचं निरीक्षण केलं. अशी बाळं आधी खूप रडत आणि पुढे पुढे गप्प, अलिप्त होत जात, असं त्यांना दिसलं. बाळ शांत झालं याचा अर्थ नेहमी ते निर्धास्त झालं असा नसतो.

म्हणून तुमचं पत्र वाचताना मला काळजी वाटली ती अविश्वासाची नाही. यजमान गेल्यापासून तुम्ही देवाजवळ रडलात असं त्यात कुठेच नाही. तुम्ही उपासनेला जात राहिलात, गायनं म्हणत राहिलात, जेवणापूर्वीची प्रार्थना चुकवली नाहीत. सगळं नीटनेटकं. पण "का नेलंस त्यांना? एवढे लोक मागत होते, ऐकलं का नाहीस?" हे तुम्ही त्याला विचारलं नाहीत, निदान मोठ्यानं तरी नाही. बाळकासारखं काही हरवलं असेल तर मला वाटतं ते हे रडणं आहे.

आणि हे रडणं पवित्र शास्त्रात ठायी ठायी आहे. बाविसावं स्तोत्र तुम्हाला पाठ असेल. त्याची सुरुवात "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" अशी आहे. त्याच स्तोत्राच्या नवव्या ओवीत स्तोत्रकर्ता म्हणतो की आईच्या अंगावर पीत होतो तेव्हाच तू मला भरवसा ठेवायला लावलंस. टाकून दिल्याची हाक आणि तान्हेपणीचा भरवसा एकाच माणसाच्या तोंडी, काही ओळींच्या अंतरानं येतात. येशूनं वधस्तंभावर याच स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली. त्याच्या भरवशाबद्दल आपल्या मनात शंका नाही आणि त्यानं ती हाक मारली हेही खरं आहे. मग तुमची हाक तेवढी अविश्वासाची कशी ठरेल?

आता दुसरी बाजू. बाळाचा भरवसा ही बाळाची कमाई नसते. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं 1950 साली मांडलं की आयुष्याच्या पहिल्या टप्प्यातला मुख्य प्रश्न भरवशाचाच असतो, आणि तो भरवसा सांभाळणाऱ्या माणसाच्या सातत्यातून तयार होतो. थोडा अविश्वासही माणसाला लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा नातू खांद्यावर झोपतो ते त्याच्या श्रद्धेचं बळ नाही. तुम्ही, त्याची आई, त्याचा बाप, रात्री-अपरात्री उठून जे केलंत, त्याचं ते फळ आहे. तुम्ही स्वतःला बाळाच्या जागी ठेवून मोजत बसला आहात. जरा वेळ आजीच्या जागीच राहून बघा. त्याला उचलण्यापूर्वी त्याचा भरवसा किती आहे हे तुम्ही तपासता का? त्यानं तुमचा हात ढकलला तर तुमची पकड सैल होते की घट्ट? यशयाच्या 46व्या अध्यायात देव आपल्या लोकांना सांगतो की गर्भापासून मी तुम्हाला वाहिलं, आणि तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वाहीन. तिथे धरून ठेवणं हे वाहणाऱ्याचं काम आहे. पिकल्या केसांच्या माणसांना हे वचन मुद्दाम दिलेलं आहे, आणि नातवंडं झालेल्या प्रत्येकानं ते पुन्हा वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

ज्या वचनानं तुम्हाला टोचलं त्याकडेही पुन्हा जाऊ. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात बाळकं स्वतः चालत आलेली नाहीत, लोकांनी त्यांना आणलं. लूकनं तर तान्ह्या बाळांचा उल्लेख केला आहे. त्यांच्यापैकी कुणी विश्वासाचा अंगीकार केला नव्हता. येशू रागावला तो शिष्यांवर, कारण ते अडवत होते. मग त्यानं बाळकांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तो एका बाळकाला मध्ये उभं करतो, पण त्याआधी शिष्यांनी काय विचारलं होतं? स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण. म्हणजे तिथे प्रश्न मानाचा होता. त्या काळी मुलाला समाजात मान नव्हता, सांगण्याजोगं कर्तृत्व नव्हतं. मिळेल ते हात पसरून घेणं एवढंच त्याच्याकडे होतं. "माझ्याजवळ दाखवण्याजोगा विश्वासच नाही" असं तुम्ही लिहिता, तेव्हा तुम्ही त्या बाळकापासून लांब गेला आहात असं मला वाटत नाही. शब्बाथशाळेच्या आदर्श बाई होतात, तेव्हापेक्षा आज कदाचित जवळ असाल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तिनं पुष्कळांना दुखावलं आहे. "बाळकासारखा विश्वास ठेवा" हे वाक्य आपल्या मंडळ्यांत कित्येकदा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी वापरलं जातं. शोकात असलेल्या माणसाला ते ऐकवणं मला क्रूर वाटतं. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलं की दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही बाळं व्हा, पण समजुतीनं प्रौढ व्हा. प्रश्न पडणं हा विश्वासाचा अपमान नाही. आणि मुलांइतके प्रश्न कोण विचारतं? तुमचा नातू तीन वर्षांचा होऊ द्या, मग कळेल.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न, तो विश्वास परत मिळतो का. मला वाटतं, तसाच्या तसा मिळत नाही आणि मिळायलाही नको. यासाठी स्तोत्र 131 काढा. तीनच ओव्या आहेत. त्यात जीव शांत झाल्याचं वर्णन आहे, पण तिथलं बाळक तान्हं नाही, दूध तुटलेलं आहे. त्या काळी मूल बरंच मोठं झाल्यावर दूध तोडत, म्हणजे आपल्याला काहीतरी नाकारलं जातंय हे त्याला पुरतं कळत असे. दूध तुटताना मूल किती रडतं हे तुम्ही पाहिलं आहे. ज्या आईनं आजवर कधी नाही म्हटलं नाही, तीच आता देत नाही. काही रात्री जातात. मग एक दिवस ते येऊन आईच्या मांडीवर बसतं आणि काही मागत नाही. दुधासाठी आलेलं नसतं, तिच्यासाठी आलेलं असतं. हा भरवसा पहिल्यापेक्षा वेगळा आहे, कारण त्यात नकार पचलेला आहे. तुम्हाला तान्ह्या बाळाकडे परत जायचं नाही, आजी. तुम्ही त्या मधल्या रात्रींमध्ये आहात. त्या किती असतात ते स्तोत्रात सांगितलेलं नाही, आणि मीही सांगू शकत नाही.

रूथच्या पुस्तकातली नामी आठवा. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. ती बेथलेहेमला परतली आणि बायकांना म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण सर्वसमर्थानं मला फार क्लेश दिले. यावर तिला कुणी फटकारत नाही, देवही नाही. चौथ्या अध्यायात ओबेद जन्मतो आणि नामी त्याला उराशी घेऊन त्याची दाई होते. आनंदाचं सगळं बोलणं शेजारणींच्या तोंडी आहे. नामी त्या अध्यायात एक शब्दही बोलत नाही. पहिल्या अध्यायातलं गाऱ्हाणं तिनं मागे घेतलं असंही कुठे लिहिलेलं नाही. तरी बाळ तिच्या मांडीवर दिलं गेलं, आणि दाविदाचा तो आजोबा तिच्या हातांत वाढला.

नामीच्या निमित्तानं थोडी सावधगिरी सांगते. नातवाला यजमानांच्या जागी बसवू नका. तो तुमचा विश्वास परत आणायला आलेला नाही. त्याला बघून एखाद्या दिवशी काहीच वाटलं नाही, नुसता थकवा आला, तर तोही दिवस ठीकच आहे. मात्र झोप सतत उडालेली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, बाळाचं करतानाही मन कशातच लागत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला जरूर भेटा. लांबलेल्या शोकात नैराश्य मिसळू शकतं आणि त्यावर उपचार असतात. पाळकांशी बोलणं आणि डॉक्टरांकडे जाणं यात एकच निवडायचं नसतं.

आता बाप्तिस्म्याचं. तुमच्यापुढे नकार देण्याची वाट आहे, सगळं ठीक असल्यासारखं उभं राहण्याची आहे, आणि आधी खरं बोलून मग उभं राहण्याची आहे. नकारात मला प्रामाणिकपणा दिसतो, पण त्यामागे एक समजूतही दिसते की आशीर्वाद देणाऱ्याचा विश्वास भरलेला असला तरच आशीर्वाद लागू पडतो. तसं असतं तर कोण देऊ शकलं असतं? तान्ह्यांचा बाप्तिस्मा करणाऱ्या मंडळ्यांत बाळ काहीच कबूल करत नाही. त्याच्या वतीनं मोठी माणसं वचन देतात, मंडळी साथ देते. ज्या मंडळ्या समजत्या वयात बाप्तिस्मा देतात, त्यांच्याकडे बाळाचं समर्पण होतं, आणि तिथेही त्याला दुसऱ्यांनीच आणलेलं असतं. त्या दिवशी सगळा भार एकट्या तुमच्या विश्वासावर नसेल.

माझं मत विचाराल तर तुम्ही ती प्रार्थना करावी, पण स्वतःच्या शब्दांचा पसारा मांडू नये. गणनाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद घ्या: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो, परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो, परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो आणि तुला शांती देवो." हे शब्द याजकांना रचायला सांगितले नव्हते, देवानं दिले होते. पुढच्याच ओवीत तो म्हणतो की आशीर्वाद मी देईन. यात तुमच्या मनाच्या अवस्थेबद्दल एकही दावा नाही, म्हणून ढोंगही नाही. येशूनं ज्याला ढोंग म्हटलं ते लोकांनी बघावं म्हणून केलेल्या प्रार्थनेला. रित्या मनानं, दुसऱ्यासाठी, दिलेले शब्द म्हणणं हे ढोंगाच्या उलट आहे.

सुनेला मात्र आधी सांगा. सगळं उलगडून सांगायची गरज नाही. "तू म्हणतेस तसा माझा विश्वास हल्ली नाही गं. बाबा गेल्यापासून मला प्रार्थना जड जाते. तरी बाळासाठी मी आशीर्वाद म्हणेन, तुला चालेल ना?" एवढं पुरे. ती दचकेल कदाचित, पण तिच्याही वाट्याला पुढे कधीतरी असे दिवस येतील. विश्वासात कधीच न डळमळलेल्या सासूपाशी ते बोलायला तिला जड जाईल. तुमच्यापाशी बोलता येईल. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या निष्कपट विश्वासाबद्दल लिहिताना पौलानं त्याच्या आजीचं, लोईसचं, नाव घेतलं. तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता. विश्वास त्याच्याकडे आजी आणि आई यांच्याकडून आला. घरात रोज काय बोललं जातं, काय लपवलं जातं, हे मुलं बघतच असतात.

रोजच्यासाठी फार मोठं काही सांगत नाही. लांब प्रार्थना सध्या सोडून द्या. रात्री बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत असाल तेव्हा स्तोत्र 13 किंवा 88 मोठ्यानं म्हणा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. बाळाला शब्द कळत नाहीत, त्याला तुमचा आवाज पुरतो. तेही जमलं नाही तर आजारी मुलाच्या बापानं येशूला म्हटलेलं एकच वाक्य म्हणा: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूनं त्या बापाला आधी विश्वास पुरा करून ये असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं.

तुमच्यासारख्या इतर आजी-आजोबांनीही या महिन्यात लिहिलं आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी. नातवंडांना देवाची भीती घालू नका. "देव बघतोय, शिक्षा करेल" हे हट्ट थांबवायला सोपं पडतं, पण त्यातून मुलाच्या मनात देवाचं जे चित्र बनतं ते पुसायला नंतर फार जड जातं. प्रार्थना केली की हवं ते मिळतंच, असंही शिकवू नका. पहिल्यांदा मिळालं नाही की मूल एकतर देवाला दोष देईल किंवा स्वतःला. आणि मुलगा-सून, मुलगी-जावई विश्वासात नसतील तर त्यांच्या पाठीमागे काही शिकवू नका. त्यांना विचारा. ज्या घरात आजी चोरून प्रार्थना शिकवते, त्या घरात मूल प्रार्थनेबरोबर चोरीही शिकतं.

आजी, तुमचा नातू मोठा झाला की आजोबांचा फोटो बघून विचारेलच. तेव्हा "देवाला ते आवडले म्हणून नेलं" असं सांगू नका. मुलाला मग देवाच्या आवडीचीच धास्ती वाटते. मला त्यांची आठवण येते, ते प्रभूजवळ आहेत असं मी मानते, आणि सगळं मला कळत नाही, एवढं त्याला सांगता येईल.

बाप्तिस्म्याला अजून वेळ आहे, पण सुनेशी बोलणं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पाळकांनाही आधी भेटा, म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडून किती आणि काय अपेक्षित आहे हे ठरेल. आशीर्वादाचे शब्द मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून घ्या, पाठ असले तरी. तुमच्या मुलाला, म्हणजे बाळाच्या बाबाला, शेजारी उभं राहायला सांगा. मधेच आवाज दाटला तर कागद त्याच्या हातात द्या, उरलेल्या ओळी तो वाचेल.